मुक्काम

चर्चची संध्याकाळची घंटा व्हायच्या आत पेटी झुल्मिराच्या घरी पोचवायची होती आणि दिओलिंदाच्या अंगात खुर्चीतून उठायचंही त्राण नव्हतं.

पेटी लाकडाची, पुढे काचेची दोन दारं, आत मारिया, योसेफ आणि बाळ येशूच्या मूर्ती. गावात ती घरोघर फिरायची. एका घरी एक रात्र आणि एक दिवस मुक्काम, मग पुढचं घर. कालपासून ती दिओलिंदाकडे होती. तिने रीतीप्रमाणे पांढरं कापड अंथरलं, दिवा लावला आणि मनातल्या मनात कुरकुरली, की एका माणसाचं करता करता माझी कंबर मोडली, त्यात हे आणखी तीन पाहुणे, आणि एकाचाही कामाला उपयोग नाही. मग घाईघाईने क्षमाही मागितली. देवाशी वाकडं घ्यायची ही वेळ नव्हती.

अबिलियोचं, तिच्या नवऱ्याचं, हृदयाचं ऑपरेशन होऊन तो नुकताच घरी आला होता. ब्रागा शहरातल्या डॉक्टरांनी आता धोका नाही म्हणून सांगितलं होतं. दिओलिंदाला ते पटलं नव्हतं. त्याला घरी आणल्यापासून ती रात्र रात्र त्याच्या उशाशी बसून असायची. डोळा लागतोय असं वाटलं की गार पाण्याने तोंड धुवायची आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची. आपण जागे आहोत म्हणून हा श्वास घेतोय, आपण झोपलो की संपलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. मुलगा लक्झेंबर्गहून फोन करून आईला झोपत जा म्हणायचा आणि स्वतः निवांत झोपायचा.

आताच अबिलियोला कोंबडीची पेज भरवून झाली होती. झुल्मिराचं घर समोरच होतं, पण बाई कडक. मागे एकदा पेटी जेवणं उरकल्यावर पोचली, तर तिने त्या घराशी ईस्टरपर्यंत अबोला धरला होता. निघण्याआधी प्रार्थना म्हणावी म्हणून दिओलिंदा पेटीसमोर बसली. तिला एकही धड आठवेना.

“मला आता होत नाही,” ती त्या तिघांना म्हणाली. “घंटा होईपर्यंत तुम्हीच बघा त्याच्याकडे.”

आणि तिने टेबलावर डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा हातावर ऊन होतं. घंटा अजून व्हायची आहे असं समजून ती धडपडत उठली, पेटीला हात घातला आणि तशीच थांबली. स्वयंपाकघराच्या त्या खिडकीतून ऊन फक्त सकाळी यायचं.

अख्खी रात्र गेली होती. आतल्या खोलीतून अबिलियोची हाक नाही, खोकला नाही. भिंत धरत धरत ती दारापर्यंत गेली. आत बघायचा धीर होईना, तरी बघितलं.

अबिलियो उशीला टेकून बसला होता आणि झुल्मिरा त्याची दाढी करत होती. साबणाचा फेस ओठांपर्यंत आलेला, त्यामुळे बिचाऱ्याला बोलायची सोय नव्हती. त्याने नुसती बोटं हलवली.

दिओलिंदा काहीतरी पेटीबद्दल बोलू लागली, माफी मागू लागली. झुल्मिराने वस्तरा पुसला. काल घंटा झाली तरी पेटी येईना, तेव्हा ती चांगले दोन शब्द सुनावायच्या तयारीने आली होती. दार नुसतं लोटलेलं. टेबलावर डोकं टाकून पडलेली दिओलिंदा दिसली, तशी ती पाय न वाजवता आत आली. मग पेटी उचलून ती उंबऱ्यापर्यंत गेलीही होती, पण तिथून परत फिरली.

“काल त्यांचा मुक्काम माझ्याकडे व्हायचा होता,” झुल्मिरा म्हणाली. “पण तुझ्या उशाशी बसलेले बघितले आणि हलवायचं जिवावर आलं. म्हटलं, ते येत नाहीत तर आपणच जावं त्यांच्याकडे.”

“रात्रभर बसलीस?”

“मग काय. हा घोरतो किती, ते आधी सांगायचंस की गं.”

दिओलिंदा नवऱ्याकडे बघत राहिली. त्याची छाती सदऱ्याखाली सावकाश वर येत होती, खाली जात होती.

“मी झोपले होते,” ती म्हणाली. “आणि हा श्वास घेत होता.”

“हो. तुला विचारायला काही थांबला नाही.”

दिओलिंदाला हसू आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. इतके दिवस तिने या माणसाला नुसत्या डोळ्यांनी धरून ठेवलं होतं. डोळे मिटले, हात सुटले, तरी तो पडला नव्हता. कुणीतरी त्याला धरलं होतं आणि तिलाही. आधी कधी आभार मानले नव्हते असं नाही, पण आज ते पोटातून वर आले, थांबवता येईनात.

ती स्वयंपाकघरात गेली आणि पेटीसमोर गुडघे टेकून आभाराची प्रार्थना म्हणू लागली. आज तिला सगळी आठवत होती. आतल्या खोलीत झुल्मिरा अबिलियोची हनुवटी धरून उरलेली दाढी उरकत होती. थोड्या वेळाने बाहेरचा आवाज हळू झाला, मग वाक्याच्या मध्येच थांबला.

झुल्मिरा हात पुसत बाहेर आली. दिओलिंदा गुडघ्यांवरच, खुर्चीच्या बैठकीवर गाल टेकून गाढ झोपली होती. झुल्मिराने आपली शाल काढून तिच्या पाठीवर टाकली, शेजारी गुडघे टेकले आणि तिचा आवाज जिथे थांबला होता तिथून पुढची प्रार्थना म्हणून पूर्ण केली.