सातव्या शिल्पाचे डोळे

"हे भंगार बघायला मी सात समुद्र ओलांडून आलो?" अप्पांनी गाडीचं दार धाडकन लावलं.

न्यूझीलंडच्या डेझर्ट रोडवर वारा नुसता अंगावर येत होता. चहूकडे करडी वाळू, पिवळं खुरटं गवत, आणि त्यात लांब लांब रोवलेली बारा शिल्पं. लोखंड, दगड, रेल्वेचे जुने स्लीपर. दोन हजार सहाच्या सुट्ट्यांसाठी मांडलेलं उघड्यावरचं प्रदर्शन. ऑकलंडहून पहाटे निघून अक्षतने साडेचार तास गाडी हाणली होती, ती फक्त सातव्या नंबरसाठी. सातवं शिल्प त्याचं होतं. ईस्ट टामाकीच्या कारखान्यात शिफ्ट संपल्यावर वर्षभर खपून त्याने ते जोडलं होतं. अप्पांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि गुरुवारी ते पेणला परत चालले होते.

"सांगून टाक ना रे," त्याची बायको अनुष्का हळूच म्हणाली. "सरप्राइझ कसलं देतोयस? हे काय सरप्राइझवाले आहेत?"

"तू गाडीत बस."

अप्पा एव्हाना पुढे गेलेही होते. पन्नास वर्षं गणपती घडवलेला माणूस; त्यांना कोणाचं काय आवडणार! पहिल्या शिल्पाला "पत्रा", दुसऱ्याला "पत्राच", तिसऱ्याला नुसतंच "हं". चौथ्यापाशी फोटो काढणारी एक गोरी बाई हसून नमस्कारादाखल "किया ओरा" म्हणाली, तर तिच्याकडेही त्यांनी पत्र्याकडे बघावं तसंच बघितलं.

सातव्यापाशी मात्र थांबले. डोक्यावर रिकामा पाट घेऊन निघालेला लोखंडी माणूस, पुरुषभर उंच. अप्पा आधी मागे गेले. मूर्ती पाठीकडून तपासायची ही त्यांची जुनी खोड. पुढून काय, कोणीही फसवतं, म्हणायचे. पाठीवरून बोट फिरवलं, सांधे चाचपले. मग पुढे आले, आणि कपाळाला आठ्या.

"डोळे कुठायत?"

"राखून ठेवलेत."

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी." अक्षतने खिशातून वेल्डरचा जाड खडू काढला. "तुम्ही आखा, अप्पा. मी नंतर येऊन वरून वेल्डिंग मारतो."

अप्पांना कळायला क्षण लागला. मग असे भडकले की ती गोरी बाईसुद्धा वळून बघायला लागली.

"म्हणजे हा तुझा प्रताप! आणि डोळ्यांना मी? मला काय रोजावरचा गडी समजलास?"

"गडी तर मी होतो! माती मळायला मी, रंग कालवायला मी. डोळ्यांना मात्र हात लावायचा नाही. एकदा लावला, तर अख्खी मूर्ती फोडलीत तुम्ही. गिऱ्हाइकासमोर." अक्षतचा आवाज चिरकला. "सतरा वर्षांचा होतो मी. तेव्हापासून हात धजत नाही माझा. कशाचेच डोळे आखता येत नाहीत. घ्या हा खडू, आणि पुरं करा एकदाचं!"

त्याने खडू अप्पांच्या हातात कोंबला. अप्पांनी रागारागाने हात उचलला आणि खडू लोखंडी चेहऱ्यावर टेकवला. रेघ थरथरली, नाकाकडे घसरली. त्यांनी ती पुसली. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. हात कोपरापासून लटलटत होता. अक्षतने मान फिरवली, पण दिसायचं ते दिसून गेलं होतं.

"कधीपासून?"

"तुला काय करायचंय?" अप्पा खेकसले. मग हातातल्या खडूकडे बघत, "दोन वर्षं झाली. आखणीला बाहेरचा माणूस बोलावतो. समोर बसून बघावं लागतं. जीव जळतो नुसता."

त्यांनी बाहीने चेहऱ्यावरचा खडू खसाखसा पुसला, आणि हातातला तुकडा अक्षतच्या छातीवर फेकून मारला. तो वाळूत पडला.

"उचल. आख."

"मला नाही जम..."

"आख म्हणतो ना!"

अक्षतने वाकून खडू उचलला. अप्पा शिल्पाकडे पाठ फिरवून, वाऱ्याला तोंड देऊन उभे राहिले.

"मी बघत नाही," ते समोरच्या वाळूला सांगितल्यासारखे ओरडले. "आणि कसेही झाले तरी लोखंड आहे ते. माझ्याच्याने फुटायचं नाही."