माळ्यावर जाणारी बॅग

"अगं, स्वेटर कुठे ठेवलेस?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं, आणि सुनेने कपाटाचं दार लोटून घेतलं.

"ठेवलेत, आई. खालच्या कप्प्यात."

खालच्या कप्प्यात एकही स्वेटर नव्हता. सगळे पलंगावरच्या मोठ्या बॅगेत तळाशी होते आणि वर, दाखवायला म्हणून, तिने दोन सुती कुडते अंथरले होते. घरची रीत अशी होती की सरलेल्या ऋतूचे कपडे या बॅगेत भरायचे, बॅग माळ्यावर टाकायची आणि येणाऱ्या ऋतूचे कपाटात लावायचे. थंडी तर तोंडावर आली होती. म्हणजे बॅगेत जायला हवे होते सुती कपडे, आणि सूनबाईंनी भरली होती लोकर. कारण ही बॅग माळ्यावर जाणारच नव्हती. ती सुनेच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या गावी जाणार होती, आणि बॅगेमागोमाग सूनही.

ताई गाडी घेऊन निघाली होती. नवरा दिवेलागणीला कामावरून परत येई. मधली दुपार काय ती हाताशी होती. रोज या वेळी सासूबाई आडव्या व्हायच्या ते थेट चहालाच उठायच्या. आज मात्र त्यांना झोप येत नव्हती. मुहूर्त पाहून जागं राहावं, तशा त्या जाग्या होत्या.

गेल्या रविवारी एका हरवलेल्या किल्लीवरून नवऱ्याने तिला भिंतीवर ढकललं होतं. किल्ली मागाहून त्याच्याच खिशात निघाली. हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला होता, तेही पहिल्यांदा नव्हतं. नवऱ्याचं तिला आता आश्चर्य वाटत नसे. त्या टीव्हीचा मात्र मनस्वी संताप येई.

"सरक. मी हात लावते, म्हणजे लवकर उरकेल," म्हणत सासूबाई पलंगावर टेकल्या.

लवकर! सासूबाईंची घडी म्हणजे चेष्टा नव्हती. आधी सदऱ्याची सगळी बटणं लावायची, मग बाह्या मागे दुमडायच्या, मग कॉलर उभी करून पुन्हा बसवायची, आणि वरून तळहाताने असं दाबायचं की इस्त्रीने मान खाली घालावी. एक सदरा कप्प्यात जाईपर्यंत सून दोनदा खिडकीपाशी जाऊन आली. कमरेला खोचलेला फोन थरथरला. ताई चौकापर्यंत पोचली होती.

"तुला कुठे जायचंय का? पाय ठरत नाहीये तुझा."

"मला कुठे जायचंय!" ती हसली. तिचं तिलाच ते हसू उसनं वाटलं.

सासूबाईंनी सदरा बाजूला ठेवला आणि कपाटातून डांबराच्या गोळ्यांची पुडी काढली. "बॅगेत गोळ्या घातल्यास का? तळाशी घालाव्या लागतात, नाहीतर कसर लागते."

"मी घालते, आई, द्या इकडे," म्हणून ती धावली. पण तोवर सासूबाईंचा हात कुडत्यांखाली कोपरापर्यंत गेला होता. तिथेच तो थांबला. मग आत काहीतरी चाचपत फिरला आणि पुन्हा थांबला. या घरातले सगळे स्वेटर सासूबाईंनीच विणलेले होते. त्यांना ते पाहायची गरज नव्हती.

हात बाहेर आला. पुडी तशीच बंद होती.

"राहू देत गोळ्या," सासूबाई म्हणाल्या. "वास अंगाला राहतो."

यातून काय समजायचं ते सुनेला कळेना. खरं सांगून मोकळं व्हावं की सरळ बॅग उचलून दाराकडे पळावं, हेही कळेना. तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. मुलाचा होता. सुनेने बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

"बोल... हो, आहे ना घरात. कपाट लावतेय... तिला कशाला? हात गुंतलेत तिचे... नाही रे, काही लागत नाही. तू ये तुझ्या वेळेला."

त्यांनी फोन उशीखाली सरकवला. उठल्या, आणि सुनेचे उन्हाळ्याचे जेवढे म्हणून कपडे पलंगावर होते, ते कवेत घेऊन बॅगेत कोंबू लागल्या. घडी नाही, बटण नाही. बाह्या बाहेर लोंबत होत्या, त्या त्यांनी मुठीने आत ढकलल्या.

"आई, नाही मावणार. चेन तुटेल."

"काही तुटत नाही. बस वर."

ती बॅगेवर बसली. सासूबाईंनी गुडघे टेकले आणि दात-ओठ खात चेन ओढली. खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. दोघींनीही ऐकला, आणि एकमेकींकडे पाहिलं.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि सुचलं ते भलतंच. "आई, थंडीचे पुरे होते की. हे एवढे उन्हाळ्याचे कशाला?"

सासूबाईंनी बॅगेचा पट्टा तिच्या खांद्यावर चढवला.

"मी गेले तेव्हा थंडीचेच तेवढे नेले होते," त्या म्हणाल्या. "ऊन तापलं तशी उरलेले न्यायला म्हणून आले, ती अजून इथेच आहे."