खिरापतीचा डबा

पाटावर हत्ती काढून झाला, तसा वृंदानं भोंडल्याच्या खिरापतीचा डबा लेकीच्या मांडीवर ठेवला. कुबडी घेऊन पोर फेर कसा धरणार? त्यापेक्षा कृतिकानं खुर्चीत बसून बाकीच्यांना खिरापत ओळखायला लावायची, हा तिचा दरवर्षीचा मान. आपल्या या युक्तीचं वृंदाला भारी कौतुक होतं.

ती हळदीकुंकू आणायला आत वळली, तोच शेजारच्या मुलीनं विचारलं, "तू का नाही गं फेर धरत?"

"शाळेत धरते की! घरी नको," कृतिका हळूच म्हणाली. "मी पडले की आई रडते, मग जेवतच नाही."

वृंदाचे पाय खिळले. मान म्हणे! पोर एवढी वर्षं आईलाच सांभाळत बसली होती.

ती परत फिरली आणि डबा उचलून म्हणाली, "जा, धर फेर."

कृतिकानं तिचे डोळे निरखले. "धरते. पण तू आत जा."

वृंदा डबा छातीशी धरून दाराआड उभी राहिली. गाणं सुरू झालं, फरशीवर कुबडी टकटकली आणि धपकन आवाज आला.

गाणं थांबायच्या आत बाहेरून हाक आली, "आई, मला काही नाही लागलं हं!"