वालाचे दाणे

"गुडघे टेकायचे, ड्यूकची प्रजा म्हणून शपथ घ्यायची, की झालं! लापोकाका, उद्याच फ्लोरेन्सला निघू," अवेरार्दो म्हणाला. तो ड्यूकचा दूत होता. पण लहानपणी लापोच्याच अंगणात खेळलेला.

"निघू की," लापो म्हणाला. "आधी मत तर घेऊ दे."

व्हेनिसच्या त्या कोंदट खोलीत लापोसोबत नेरी आणि फिलिप्पो एवढेच उरले होते. ड्यूकने फ्लोरेन्समधून हद्दपार केलेले बाकीचे कुणी मेले, कुणी शरण गेले. तरी लापोने फडताळातून कापडी पिशवी काढली आणि प्रत्येकाच्या हातात वालाचे दोन-दोन दाणे ठेवले. काळा म्हणजे होय, पांढरा म्हणजे नाही; हवा तो गुपचूप पिशवीत टाकायचा. फ्लोरेन्सवर ड्यूक नव्हता, गावचा कारभार गावच करत होतं, तेव्हाची ही रीत.

अवेरार्दोला हसू आवरेना. "तीन म्हातारे, आणि म्हणे सभा! सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा."

"जळू दे की सुंभ. पीळ आमचा आहे," नेरी म्हणाला.

लापोची बायको तेस्सा चुलीपाशी उभी होती. फ्लोरेन्समधल्या बहिणीची आठवण काढून ती रोज डोळे पुसायची. लापोला तिच्याकडे बघवेना. त्याचाही जीव घरासाठी तुटत होता. बापाच्या शेजारी माती मिळावी, एवढंच आता त्याचं मागणं होतं. मूठ मिटून त्याने हात पिशवीत घातला.

सगळ्यांचं झाल्यावर पिशवी टेबलावर उलटी केली. तिन्ही दाणे पांढरे.

"काकू, तुम्ही तरी सांगा ना यांना!" अवेरार्दो कळवळला.

"मी काय सांगू? बायकांना कधी दाणा मिळालाय?" तेस्सा फणकारली. "पण मिळाला असता, तर पांढराच टाकला असता. गुडघे टेकलेला नवरा घेऊन बहिणीच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ?"

अवेरार्दो उठला. लापो त्याला सोडायला दारापर्यंत गेला आणि त्याच्या तळहातावर त्याने दोन दाणे ठेवले. एक काळा, एक पांढरा.

"हे कशाला, काका?"

"तूही फ्लोरेन्सचाच ना रे पोरा? असू देत जवळ. तिकडे कधी कुणी तुझं मत विचारलंच, तर हाताशी असावेत."

अवेरार्दो दाणे मुठीत घेऊन जिना उतरला. लापो खिडकीतून बघत राहिला. होडी कालव्याच्या वळणाशी पोचली, तरी अवेरार्दोची मूठ मिटलेलीच होती.