समासातला शेरा

"पाकीट खासगी आहे," पंढरीनाथ म्हणाले.

टेबलावर तीन जन्मदाखले ओळीनं मांडले होते. आजोबांचा स्पेनमधला, बापाचा आणि नातवाचा अर्जेंटिनातला. नातू, म्हणजे एस्तेबान, समोर हात मांडीवर ठेवून बसला होता. फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसात चौदा माणसं त्याच्या हाताखाली होती, पण इथे तो तोंडी परीक्षेला बसल्यासारखा दिसत होता.

पंढरीनाथांनी नगरपालिकेत बत्तीस वर्षं जन्ममृत्यूची नोंदवही सांभाळली होती. माणूस जन्मला आहे यावर विश्वास बसायलासुद्धा त्यांना शिक्का लागे. २००९च्या मंदीमुळे एस्तेबानला जूनमध्ये कंपनीतून नारळ मिळणार होता. नोकरीबरोबर जर्मनीत राहायचा परवानाही जाणार, तो परत अर्जेंटिनाला जाणार आणि मीही त्याच्याबरोबर जाणार, असं पंढरीनाथांच्या मुलीनं, उर्जानं, आईबापांना स्वच्छ सांगितलं होतं. अशात स्पेननं कायदा केला की यादवी युद्धामुळे देश सुटलेल्यांच्या नातवंडांना नागरिकत्व मिळेल; ते मिळालं की जर्मनीत राहायला परवाना लागणार नव्हता. आणि एस्तेबानला आजोबा सापडले.

"नेमके आत्ताच?" पंढरीनाथांनी फोनवर विचारलं होतं. लग्नाला हो म्हणायचं की नाही ते कागद बघून सांगतो, असं म्हणून ते फ्रँकफर्टला आले होते. मंगळवारी सव्वादहाला स्पेनच्या वकिलातीत एस्तेबानचा टेर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, होता. आज रविवार.

"खासगी म्हणजे काय, बाबा?" उर्जानं विचारलं.

"सरकारी दाखला सरकारी पाकिटातून येतो. यावर पत्ता हातानं लिहिलाय. पाठवणार पिलार बुएसा. आजोबा अनसेल्मो बुएसा. ही पिलार कोण?"

"नातेवाईक," एस्तेबान इंग्रजीत म्हणाला.

"नातेवाईक हे नातं नव्हे. आमच्या रकान्यात असं लिहिलं की अर्ज परत."

"अहो," शोभना स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जावई बघताय की चोर?"

"तेच ठरायचंय."

त्यांनी आजोबांचा दाखला खिडकीच्या उजेडात धरला. जुन्या नोंदवहीच्या पानाची जशीच्या तशी नक्कल होती, हस्ताक्षरासकट. त्यांना स्पॅनिशचा शब्द कळत नव्हता, पण समास कळत होता. मूळ नोंद एका हातची होती. समासातला शेरा दुसऱ्या हातचा, बारीक, साल १९३४. जन्माच्या नोंदीशेजारी वीस-बावीस वर्षांनी काय लिहितात, हे त्यांना भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

"हे लग्न," त्यांनी शेऱ्यावर बोट ठेवलं. "बायकोचं नाव फेलिसा. आणि याच्या बापाच्या दाखल्यात आईचं नाव आहे एल्विरा. म्हणजे एक तर हा आजोबा याचा नाही, किंवा..." पुढचं त्यांनी मुलीसमोर गिळलं.

उर्जा एस्तेबानकडे वळली. "तू तर म्हणालास, आजोबा एकटेच बोटीत चढले."

"एकटेच चढले," एस्तेबान म्हणाला. मग पंढरीनाथांकडे बघून त्यानं सावकाश इंग्रजीत सगळं सांगितलं. गावात बायको होती, तीन वर्षांची मुलगी होती. बोलावून घेतो, असं सांगून आजोबा निघाले. अर्जेंटिनात पोहोचल्यावर त्यांनी एल्विराशी घर मांडलं. तिकडच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. पिलार म्हणजे ती मुलगी. आता त्र्याहत्तर वर्षांची.

"तुला कधी कळलं?" उर्जानं जर्मनमध्ये विचारलं.

"फेब्रुवारीत. पाकीट आलं तेव्हा. आत चिठ्ठी होती."

"आणि मला एप्रिलमध्ये कळतंय. माझ्या वडिलांकडून."

"तुझे वडील येणार होते, म्हणूनच नाही बोललो."

उर्जानं याचं मराठी केलं नाही. खुर्ची तेवढी त्याच्यापासून हातभर मागे घेतली.

"हा कागद पिलारच्या हातात कसा?" पंढरीनाथांनी विचारलं.

"मी गावच्या कचेरीला पत्र लिहिलं होतं. तिथल्या बाईनं पिलारला सांगितलं. ती स्वतः गेली, नक्कल काढली आणि पाठवली."

"स्वतः गेली." पंढरीनाथांनी चष्मा काढला. "ज्या माणसानं हिच्या आईला टाकलं, त्याच्या नातवासाठी ही म्हातारी रांगेत उभी राहिली? फुकट? बत्तीस वर्षांत असं माणूस माझ्या खिडकीवर आलं नाही. काय मागितलं तिनं?"

एस्तेबाननं टेबलावरचं पाकीट उलटं करून ठेवलं.

"मागितलं ना काहीतरी?"

"फोटो."

"कुणाचा?"

"आजोबांचा. म्हातारपणीचा. तरुणपणीचा तिच्याकडे आहे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"पाठवलास?"

"नाही." एस्तेबाननं मान खाली घातली. "आईनं घरातले होते नव्हते तेवढे फोटो मला पाठवले. दोन महिने चाळतोय. प्रत्येक फोटोत शेजारी आजी आहे. ती कापली तरी आजोबांच्या खांद्यावर तिचा हात राहतो."

उर्जा त्याच्याकडे बघत राहिली. पंढरीनाथांनी तिन्ही दाखले एकावर एक लावले, आजोबांचा वर. पाकीटही त्यांच्याबरोबर फाईलमध्ये घातलं. एस्तेबाननं हात पुढे केला, पण फाईल त्यांनी आपल्याच कोपराखाली ठेवली.

"कापू नकोस," ते म्हणाले. "आहे तसा पाठव. उद्याच्या उद्या, रजिस्टर पोस्टानं."

मग चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, "आणि पावती मला दाखव."