शेऱ्याचा रकाना

दार उघडलं आणि निरीक्षकाच्या नाकात फिनेलचा वास शिरला. पायऱ्या, उंबरा, भिंतींच्या खालच्या कडा, सगळं नुकतंच घासलेलं दिसत होतं. घासणारी बाई, घराची मालकीणच, एक हात पदराला पुसत समोर उभी होती.

"या. चपला राहू द्या," ती म्हणाली. "या वेळी आत या."

ती सहज म्हणाली असेल, पण त्याला ते लागलं. तिच्या दुसऱ्या हातात घरपट्टी कचेरीची नोटीस होती. त्या नोटिशीत काय छापलंय ते त्याला वाचायची गरज नव्हती. त्यानंच लिहिलं होतं.

कचेरीतल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये घराची मापं भरली की शेवटी शेऱ्याचा रकाना यायचा. तो रिकामा ठेवला तर पान पुढे सरकायचं नाही. बाकीचे निरीक्षक 'ठीक' लिहून मोकळे व्हायचे. हा मात्र रंगात यायचा. 'कुत्रा मालकापेक्षा समजूतदार.' 'जिना चढताना देव आठवला.' दुपारच्या चहाला हे शेरे मोठ्यानं वाचले जायचे आणि लोक पोट धरून हसायचे. पुढे सगळी घरं नव्या मूल्यांकनाच्या प्रोग्रॅममध्ये हलवायची ठरली, तेव्हा संगणक विभागातल्या मुलीनं त्याला विचारलं होतं, "जुने शेरेही घ्यायचे का?"

"घे की. तेवढंच वाचण्यासारखं आहे त्यात," तो ऐटीत म्हणाला होता.

नव्या प्रोग्रॅमनं प्रत्येक मालकाला त्याच्या घराची सगळी माहिती छापून पाठवली, शेऱ्यांसकट. हे घर बाई आणि तिचा दीर, दोघांच्या नावावर. एक प्रत इथे आली, दुसरी परगावी दिराकडे गेली. आज तो नव्या मूल्यांकनासाठी घर पुन्हा मोजायला आला होता.

"जाऊबाईंनी फोनवर वाचून दाखवलं मला," बाई म्हणाली. नोटीस न उघडताच तिनं म्हणून दाखवलं, "'घरात वास मारतो. म्हातारी बेवारस, सून मजेत.'"

निरीक्षकानं तरीही चपला काढल्या.

"रेडिओ लागला होता, म्हणून मजेत लिहिलंत ना? तो आईंसाठी असायचा. बंद केला की घाबरायच्या. आता येतोय का वास?"

"नाही हो," तो घाईनं म्हणाला.

तिनं त्याला आतल्या खोलीत नेलं. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि खोलीत आता काहीच नव्हतं. फरशीवर पलंगाच्या पायांचे चार डाग होते. त्यांच्या शेजारी माणसाच्या लांबीचा एक पट्टा होता, तिथली फरशी झिजून मळकट झाली होती.

"इथे मी निजायचे. आठ वर्षं. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायला लागायचं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी त्यांच्या." ती भांडत नव्हती, नुसती सांगत होती. "तुम्ही आलात तेव्हा चादर बदलत होते. दोन मिनिटं थांबला असतात, तर झालं असतं."

त्यानं मोजायचं यंत्र काढून भिंतीवर रोखलं. खोली नऊ बाय आठ निघाली. जुन्या नोंदीत बारा बाय दहा होती. त्या दिवशी तो उंबऱ्यावरूनच नाकाला रुमाल लावून परतला होता, आणि खोलीचं माप त्यानं गाडीत बसून ठोकून दिलं होतं.

"आता नवीन शेरा लिहा," बाई म्हणाली. "माझं कौतुक नको. आईंची आबाळ झाली नाही, एवढंच लिहा. म्हणजे तोही कागद दिरांकडे जाईल."

निरीक्षक कानकोंडा झाला. त्यानं टॅब्लेट तिच्यासमोर धरला. नव्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्याचा रकानाच नव्हता. बांधकाम चांगलं, मध्यम की खराब, एवढंच विचारलेलं. जुना शेरा तेवढा खाली होता, करड्या अक्षरांत, शेजारी कुलपाचं चित्र.

"हे खोडता येत नाही?"

"नाही."

"आणि नवीन लिहिता येत नाही."

"नाही. मला वाटलं नव्हतं, हे कधी कोणी वाचेल म्हणून."

बोलून गेल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती विचार करत होती. मग तिनं आपला फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला.

"जाऊबाईंना लावलाय. मी सांगितलेलं त्यांना खरं वाटत नाही. तुम्ही कचेरीतले आहात, तुमचं ऐकतील." दारापर्यंत जाऊन ती वळली. "मी बाहेर थांबते. माझ्यासमोर तुम्हाला जड जाईल."

तिनं दार ओढून घेतलं. पलीकडे घंटी वाजत होती. निरीक्षकानं भराभर शब्द गोळा केले. नजरचूक. तांत्रिक बिघाड. प्रोग्रॅम बदलताना नोंदींची झालेली सरमिसळ. कचेरीत असे शब्द ढिगानं मिळतात आणि ते कुणाच्या अंगाला लागत नाहीत.

बाहेर रेडिओ सुरू झाला. मग त्याचा आवाज वाढला. त्याचं बोलणं आपल्या कानावर पडू नये, म्हणून तिनं तो लावला होता.

"हॅलो, कोण बोलतंय?" फोनमधून जाऊबाईंनी विचारलं.

निरीक्षकाचा एक पाय त्या झिजलेल्या पट्ट्यावर होता. तो त्यानं मागे घेतला.

"तो शेरा लिहिणारा माणूस," तो म्हणाला. "त्या दिवशी मी आत गेलोच नव्हतो."