पाव फेरा

जीपखालचे आधाराचे लाकडी ठोकळे तिने पायानेच बाजूला सारले. जीपखाली उताण्या पडलेल्या मिस्त्रीला त्याचा पत्ताही लागला नाही. आता पुढचा सगळा भार एकट्या जॅकवर होता, आणि जॅकचा दांडा तिच्या हातात.

"सांधे ठणठणीत आहेत, ताई," खालून आवाज आला. "बेअरिंगही. स्टेअरिंग भटकतंय ते यांच्यामुळे नाही."

"मग कशामुळे?"

"वरच्या स्टेअरिंग बॉक्समुळे असेल. केवढी आपटलीय गाडी!"

गाडी आपटली होती, हे खरंच. सव्वा महिन्यापूर्वी भर दुपारी, कोरड्या रस्त्यावरून जीप सरळ कड्याखाली गेली आणि जीपबरोबर बाबा. तीस वर्षं त्याच वाटांवर प्रवासी फिरवणारा माणूस. लोक म्हणाले, डुलकी लागली असेल. तिला ते पटलं नाही. पत्रा तिने दुसरीकडे ठोकून घेतला, पण स्टेअरिंगला कुणाला हात लावू दिला नाही. ते वीतभर फिरवलं तरी जीप ढिम्म असायची. मग एकदम भलतीकडे झुकायची.

"बॉक्सवरचा स्क्रू मी बघितलाय," ती म्हणाली. "चांगला दोन फेरे सैल आहे."

"आपटल्यावर होतं असं."

"त्याला जखडणारा लॉकनट मात्र घट्ट आहे. आणि नटावरून स्क्रूवर पिवळ्या रंगाची रेघ आहे, अखंड. काम संपलं की तू ओढतोस ती."

जीपखाली पान्याची खुडबुड थांबली.

"आपटल्यावर रेघही ओढली जाते का रे?"

"ताई, मी बाहेर येतो. मग बोलू."

"तिथूनच बोल."

तिने दांडा डावीकडे पाव फेरा वळवला. जॅकने सुस्कारा सोडला. पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली होती. चाकामागचा उघडा लोखंडी हब संथपणे खाली आला आणि मिस्त्रीच्या पसरलेल्या पंजावर बसला. आधी हाड वाजलं, मग मिस्त्री ओरडला. जेवणाची सुट्टी होती. शेजारच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडत होता; ओरडणं त्यात जिरून गेलं.

"कोणी सांगितलं?"

"आई गं! उचला... आधी उचला..."

"की अजून पाव फेरा देऊ?"

"काकांनी! काकांनी सांगितलं!"

ती हलली नाही. "काय सांगितलं?"

"सैल कर म्हणाले. मी नको म्हणत होतो, शपथ. धोक्याचं आहे म्हटलं. ऐकेनातच. आणि काही झालं तरी तुम्हाला कळू द्यायचं नाही, म्हणाले."

काका. बाबांचा पाठचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडे स्वतःचा तंबू ठोकून त्याने बाबांचे प्रवासी पळवायला सुरुवात केली, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. एकदा भर रस्त्यात तो बाबांवर ओरडला होता, "या खटाऱ्यातच मरशील तू!" आणि बाबांना घरी आणलं त्या दिवशी काकाच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

तिने दांडा परत वळवून जॅक हापसला. मिस्त्री कण्हत बाहेर सरपटला. त्याचा पंजा वांग्यासारखा झाला होता. तिने हाताला लागलेलं फडकं त्यावर करकचून गुंडाळलं आणि त्याला एका टायरवर बसवलं.

"आता घट्ट कसं करायचं ते सांग."

"आत्ता?"

"आत्ताच."

"स्टेअरिंग बरोबर मधोमध... मग नट सोडा. स्क्रू उजवीकडे, थोडा थोडा. मध्ये मध्ये फिरवून बघा. कुठे अडलं तर जरासा मागे. फार आवळलात तर वळणानंतर स्टेअरिंग आपसूक सरळ येणार नाही."

"मास्तर झकास आहेस की. ऐकलंस मात्र भलत्याचं."

स्क्रू हळूहळू बसला. तिने नट आवळला, चाकं चढवली, जीप खाली घेतली. मग मिस्त्रीला कॉलर धरून शेजारच्या सीटवर ढकललं.

"दवाखान्यात ना, ताई?"

"गप बस."

जीप आता शहाण्यासारखी चालत होती. बोटभर वळवलं की बोटभरच वळत होती. त्या दिवशी बाबांच्या आणि कड्याच्या मध्ये वीतभरच अंतर कमी पडलं असणार. तिने डोळे पुसले नाहीत. हात स्टेअरिंगवर हवे होते.

डोंगरापलीकडे काका आपल्या अंगणात ताडपत्रीची घडी घालत होता. जीप बघून त्याने डोळ्यांवर हात धरला.

"अगं, चालू झाली होय!" तो पुढे आला. "ये, ये."

तिने पाय दाबला.

तो डावीकडे उडी मारायला गेला. तिने बोटभर डावीकडे वळवलं. बंपरने त्याला उचलून पाण्याच्या टाकीच्या दगडी भिंतीवर चेपलं. दिव्याची काच फुटली. ती मागे आली, तसा तो घसरून गुडघ्यांवर बसला आणि त्याने एक हात वर केला. ती पुन्हा पुढे गेली.

मग तिने इंजिन बंद केलं. भिंतीवरून काहीतरी ठिबकत होतं. मिस्त्री दाराला चिकटला होता.

"काय केलंत हे? कोण... कोण आहेत हे?"

"आता ओळखही विसरलास? काका."

"कुठले काका?" मिस्त्री म्हणाला. "यांना मी जन्मात पाहिलं नाही. गॅरेजात आम्ही तुमच्या वडिलांना काका म्हणायचो, ताई. खांदा धरला होता त्यांचा, स्टेअरिंग जड जायचं, म्हणून सैल करून घेतलं. पोरीला कळलं तर किल्ली काढून घेईल, म्हणाले."